पिंपावरचे लेबल कोण वाचणार?

१ फेब्रुवारी २०२४ च्या पहाटे आपल्या शहरात, सिडको चौकातील उड्डाणपुलाच्या दुभाजकावर, स्वयंपाकाच्या गॅसने भरलेला टँकर आदळला आणि गळू लागला. अग्निशामक दलाचे जवान तासन्‌तास त्यावर पाण्याचा मारा करीत राहिले. आसपासच्या वस्त्यांची वीज तोडण्यात आली. शेगडी पेटवू नका, दिव्याचे बटण दाबू नका, अशा सूचना घरोघर गेल्या. सुदैवाने ठिणगी पडली नाही आणि शहर एका भीषण प्रसंगातून वाचले. त्या दिवशी पोलिसांची सूचना कानी पडण्याच्या आधीच ज्यांना धोका कळला, त्यांना तो नाकाने कळला असणार. त्या वासाविषयी चार शब्द लिहिणे आम्हाला आवश्यक वाटते, कारण तेल आणि वायूच्या सर्व व्यवहारांत वापरल्या जाणाऱ्या असंख्य रसायनांपैकी सामान्य नागरिकाच्या ओळखीचे रसायन हे एवढे एकच आहे.

तो वास मुळात गॅसचा नाही. प्रोपेन आणि ब्युटेन हे वायू जवळजवळ गंधहीन असतात. त्यांत इथाइल मरकॅप्टन नावाचे उग्र वासाचे रसायन अत्यल्प प्रमाणात मुद्दाम मिसळले जाते, ते गळती कळावी म्हणून. ही शहाणपणाची योजना जगाला सहज सुचलेली नाही. १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्यात न्यू लंडन या गावी एका शाळेचा स्फोट झाला आणि जवळजवळ तीनशे माणसे मरण पावली. त्यांत बहुतेक लहान मुले होती. शाळेच्या चालकांनी पैसे वाचवण्यासाठी तेलक्षेत्रातून निघणारा, वास न मिसळलेला वायू जोडून घेतला होता. तो इमारतीच्या तळघरात साचत राहिला आणि कोणाला पत्ता लागला नाही. त्यानंतर वायूमध्ये वास मिसळणे सक्तीचे झाले. रसायनाची निवड ही केवळ प्रयोगशाळेतील बाब नसते, तिच्यामागे कोणाच्या तरी जिवाचा हिशेब मांडलेला असतो अथवा मांडायचा राहून गेलेला असतो, हे या एका उदाहरणावरून ध्यानात यावे.

आता नागरिकाच्या नाकापर्यंत न पोहोचणाऱ्या रसायनांकडे वळू. मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर भर समुद्रात फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या वेधन जहाजाने तेलाचा शोध लावला आणि मे १९७६ मध्ये मुंबई हाय क्षेत्रातून उत्पादन सुरू झाले. तेव्हापासून देशाच्या तेलाचा आणि वायूचा मोठा वाटा या क्षेत्राने दिला आहे. पण विहिरीतून वर येणारे तेल काही बाजारातल्या तेलासारखे स्वच्छ नसते. त्याबरोबर खारे पाणी येते, वाळू येते, वायू येतो, मेण येते. तेल आणि पाणी एकमेकांत असे घुसळलेले असते की ताकातील लोण्याप्रमाणे ते वेगळे करावे लागते. त्यासाठी पायस फोडणारे रसायन घालतात. ते बहुधा झायलीन किंवा टोल्युइन यांसारख्या द्रावकात विरघळवलेले असते. नळाच्या पोलादाला गंज चढू नये म्हणून आतून पातळ थर धरणारे गंजरोधक घालतात. क्षार साचून नळ्या बुजू नयेत म्हणून फॉस्फोनेट वर्गातील रसायने घालतात. मेणाने तेल थिजू नये म्हणून वेगळे रसायन असते. वायूतील पाणी काढून घेण्यासाठी ग्लायकॉल, वायूतील आम्ल घटक धुऊन काढण्यासाठी अमाइन, आणि नळात बर्फासारखे खडे जमू नयेत म्हणून मिथेनॉल. २०१५ साली मालवणीत शंभराहून अधिक गरिबांचा बळी ज्या विषारी दारूने घेतला, तिच्यातील विष हेच मिथेनॉल होते.

याशिवाय जमिनीखालचा दाब टिकवण्यासाठी समुद्राचे पाणी तेलाच्या थरात परत भरतात. त्या पाण्यातील प्राणवायू काढून घ्यावा लागतो आणि त्यातील जिवाणू मारावे लागतात. हे न केल्यास सल्फेटवर जगणारे जिवाणू भूगर्भात हायड्रोजन सल्फाइड निर्माण करतात. या वायूचा स्वभाव मरकॅप्टनच्या नेमका उलट आहे. थोड्या प्रमाणात तो सडक्या अंड्यासारखा वास देतो. पण हवेच्या दहा लाख भागांत त्याचे शंभरेक भाग झाले की नाक बधिर होते आणि वास गेला म्हणून संकट गेले, असे कामगारास वाटते. त्याहून प्रमाण वाढले तर माणूस उभ्याचा कोसळतो. हे जिवाणू मारण्यासाठी जी द्रव्ये वापरतात, त्यांत ग्लुटाराल्डिहाइड हे प्रसिद्ध आहे. इस्पितळांत शस्त्रक्रियेची उपकरणे निर्जंतुक करण्यासाठी ते वापरले जाते आणि त्याच्या वाफेमुळे परिचारिकांना दम्याचा विकार जडतो, हे वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे. म्हणजे एका विषापासून रक्षण करण्यासाठी दुसरे विष हाताळायचे असते. ते कोण हाताळतो, हा आमचा प्रश्न आहे.

येथे एक गैरसमज आरंभीच दूर केला पाहिजे. रसायन म्हणजे पाप, ते वापरूच नये, अशी भूमिका काही भाबडे पर्यावरणवादी घेतात. कामगार चळवळीला ती परवडणारी नाही आणि ती खरीही नाही. २७ जून २०१४ रोजी आंध्र प्रदेशात पूर्व गोदावरी जिल्ह्यातील नगरम या गावी वायूवाहिनी फुटली. पहाटे गावात वायू पसरला, चूल पेटवण्याची वेळ झाली आणि वीसहून अधिक माणसे होरपळून मेली. ती वाहिनी कोरड्या वायूसाठी होती; तिच्यातून पाणी आणि द्रवांश असलेला ओला वायू वाहत होता. वायूतील पाणी ग्लायकॉलने काढून घेणारी यंत्रणा तेथे बसवलेली नव्हती. नळ आतून कुरतडला गेला आणि त्याची किंमत नारळाच्या बागांत झोपड्या बांधून राहणाऱ्या गावकऱ्यांनी मोजली. योग्य रसायन योग्य जागी न वापरणे हाही गुन्हाच ठरतो. त्यामुळे रसायन वापरावे की नाही, हा वादाचा मुद्दा नाही. कोणते वापरावे, किती वापरावे, कशा रीतीने वापरावे आणि हे सारे कोणी ठरवावे, हा मुद्दा आहे.

आज हे कोण ठरवतो? रीत अशी आहे की अभियंता गरज सांगतो, प्रयोगशाळा बाटलीत नमुना घेऊन कोणते द्रव्य किती वेळात तेल आणि पाणी वेगळे करते ते पाहते, आणि त्यानंतर खरेदी विभाग निविदा मागवतो. तांत्रिक कसोटीला उतरलेल्यांत ज्याचा दर सर्वांत कमी, त्याचे पिंप खरेदी होते. या सगळ्या साखळीत पिंपाचे बूच उघडणारा माणूस कोठेही नाही. द्रावक अधिक वाफाळणारा आहे की कमी, द्रव्य बंद नळीने पंपात घेता येते की बादलीने ओतावे लागते, ते अंगावर उडाल्यास धुण्यास पाणी किती अंतरावर आहे, या प्रश्नांना दराच्या तक्त्यात रकाना नसतो. मग स्वस्त ठरलेले रसायन खरोखर स्वस्त असते काय? गंजरोधकाची मात्रा वाढवली तर काही वेळा तेल आणि पाण्याचे पायस अधिकच घट्ट होते आणि ते फोडण्यासाठी दुसऱ्या रसायनाची मात्रा वाढवावी लागते. सल्फाइड शोषून घेणाऱ्या काही द्रव्यांमुळे पाण्याचा अल्कधर्म वाढतो आणि नळ्यांत चुनखडीचे थर चढतात. या गोष्टी सर्वप्रथम कोणाच्या लक्षात येतात? रात्रपाळीला टाकीजवळ उभ्या असलेल्या कामगाराच्या. फेस वाढला, रंग बदलला, पंप कण्हू लागला, हे त्याला अहवाल येण्याच्या आधी कळते. त्याचे हे ज्ञान फुकट मिळत असताना व्यवस्थापन ते घेत नाही, कारण ते घेतले तर त्याच्यासमोर बसावे लागेल.

आता एका विसंगतीकडे वाचकांचे लक्ष वेधतो. समुद्रात वेधनद्रव सोडण्याविषयी आपल्या देशात २००५ साली नियम झाले. त्यानुसार द्रवातील रसायने कमी विषारी असावी लागतात. कोळंबीच्या नात्यातील एका लहान जीवाला किंवा स्थानिक समुद्रातील तशाच नाजूक प्राण्याला ९६ तास त्या द्रवात ठेवायचे आणि लिटरमागे ३०,००० मिलिग्रॅमपर्यंतच्या प्रमाणात निम्मे जीव मरता कामा नयेत, अशी ही कसोटी आहे. नियम चांगला आहे; मच्छीमारांच्या जगण्याशी त्याचा संबंध आहे आणि तो अधिक कडक व्हावा असेच आम्ही म्हणू. युरोपात उत्तर समुद्राभोवतीच्या देशांनी तर १९९२ च्या ऑस्पार करारान्वये अशी पद्धत घातली आहे की समुद्रात वापरायच्या प्रत्येक रसायनाची माहिती आधी शासनाकडे नोंदवावी लागते, आणि अधिक घातक द्रव्याच्या जागी कमी घातक द्रव्य आणण्याचा आग्रह धरला जातो. पण कोळंबीसाठी ९६ तासांची परीक्षा घेणारे शासन, तेच द्रव्य वर्षानुवर्षे श्वासात घेणाऱ्या माणसाविषयी किती तास विचार करते? निविदेला जोडलेल्या कागदांत जलचरांवरील परिणामाचे प्रमाणपत्र असते. ते द्रव्य हाताळून कोणाला दमा झाला, कोणाच्या हातांची कातडी सोलली, याची नोंद नसते. माणसाचा जीव कोळंबीहून स्वस्त आहे असे कोणी म्हणत नाही. तथापि हिशेबाच्या वहीतून मात्र तेच निघते.

यावर ठरीव उत्तर येते: आम्ही हातमोजे देतो, चष्मे देतो, मुखवटे देतो. औद्योगिक सुरक्षेच्या शास्त्रानुसार हातमोजा हा शेवटचा उपाय आहे. आधी घातक द्रव्य काढून टाकावे. ते शक्य नसल्यास सौम्य द्रव्य आणावे. तेही शक्य नसल्यास यंत्ररचनाच अशी करावी की माणसाचा आणि द्रव्याचा संपर्क येऊ नये. आणि एवढे करून उरलेल्या धोक्यासाठी हातमोजा. आपल्याकडे शेवटची पायरी पहिली मानली गेली आहे. आणि त्या हातमोज्यांची कथा तरी काय आहे? ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे आपल्याच वाळूज औद्योगिक वसाहतीत हातमोजे बनवणाऱ्या एका कारखान्याला आग लागली आणि आत झोपलेले सहा कामगार मरण पावले. इतरांच्या हातांचे रक्षण व्हावे म्हणून जे राबत होते, त्यांना स्वतःचा जीव घेऊन बाहेर पडता आले नाही. आमच्या औद्योगिक प्रगतीवर याहून कडवट भाष्य दुसरे कोणते असू शकेल?

कायदा काय म्हणतो? भोपाळमध्ये २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री जे घडले, त्यानंतर १९८७ साली कारखाना अधिनियमात धोकादायक प्रक्रियांविषयी नवे प्रकरण घालण्यात आले. कामगारांना धोक्याची माहिती देणे, त्यांची वैद्यकीय नोंद ठेवणे, सुरक्षा समितीत त्यांना स्थान देणे आणि तातडीच्या धोक्याविषयी इशारा देण्याचा त्यांचा हक्क मान्य करणे, अशी कलमे त्यात होती. १९८९ च्या नियमांनी घातक रसायनांबरोबर माहितीपत्रक आणि पिंपावर लेबल बंधनकारक केले. हजारो प्रेतांवरून चालत आल्यावर एवढे मिळाले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. धोकादायक प्रक्रियांची कलमे नव्या संहितेत उतरवली आहेत हे खरे; परंतु विजेवर चालणाऱ्या कारखान्याच्या व्याख्येतील कामगारांची संख्या दहावरून वीसवर आणि कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदींची मर्यादा वीसवरून पन्नासवर नेण्यात आली आहे. कंत्राटदाराने आपली माणसे एकोणपन्नास ठेवली म्हणजे तो मोकळा! मराठवाड्यातून आयटीआय होऊन उरण, हजिरा किंवा जामनगरला जाणारा तरुण बहुधा अशाच कंत्राटदाराच्या हजेरीपटावर असतो. पिंप उघडण्याचे, टाकी खरवडण्याचे, सांडलेले पुसण्याचे काम त्याच्याकडे येते. माहितीपत्रक सोळा कलमांचे आणि इंग्रजीत असते. ते कार्यालयातील कपाटात असते. तो काम सोडून गावी परतल्यावर त्याला धाप लागू लागली, तर तिचा संबंध कोणत्या पिंपाशी आहे हे सांगणारा एक कागदही त्याच्याजवळ नसतो.

आम्हाला या ठिकाणी सार्वजनिक क्षेत्राविषयीही बोलले पाहिजे. तेल व नैसर्गिक वायू आयोग १९५६ साली स्थापन झाला; १९७४ मध्ये एस्सो आणि १९७६ मध्ये बर्मा शेल या परकीय कंपन्यांचा येथील कारभार देशाच्या मालकीचा झाला. समाजवाद्यांनी त्याचे स्वागत केले ते योग्यच होते आणि आज या उद्योगांच्या विक्रीचा डाव रचला जात असताना त्यांचे रक्षण हे आपले कर्तव्यच आहे. पण मालकी समाजाची झाली म्हणजे कामाच्या जागेवरची सत्ता आपोआप श्रमिकांची होते, हा आपला भ्रम ठरला. मालक बदलला, पिंप उघडणारा मात्र होता तेथेच राहिला. सार्वजनिक उद्योगाने जर खाजगी मालकाप्रमाणेच सर्वांत स्वस्त निविदा आणि सर्वांत स्वस्त माणूस शोधायचा असेल, तर त्याच्या सार्वजनिकपणाला अर्थ कोणता उरतो?

आणि कामगार संघटनांनीही आरशात पाहावे. गेली अनेक वर्षे आपण धोका भत्ता मागत आलो. भत्ता वाढला की द्वारसभेत टाळ्या पडतात. फुफ्फुसाची किंमत दरमहा काही रुपये ठरवून ती मान्य करणे म्हणजे धोका विकत देणे होय. आणि एकदा विकल्यावर तो काढून टाका असे सांगण्याचा नैतिक अधिकार आपण गमावतो. कंत्राटी कामगार आपले सभासद नाहीत म्हणून त्यांच्या हातातील पिंपाकडे आपण पाहिले नाही, हाही आपलाच दोष आहे.

म्हणून आमच्या मागण्या अशा आहेत. घातक रसायनाचे लेबल आणि एक पानाचे माहितीपत्रक मराठीत, आणि जेथे इतर भाषिक कामगार आहेत तेथे त्यांच्या भाषेत, कामाच्या जागी लावले जावे. रसायनाच्या निवडीच्या समितीत कायम आणि कंत्राटी अशा दोन्ही कामगारांचे प्रतिनिधी असावेत, आणि तितकेच काम देणारे कमी घातक द्रव्य उपलब्ध असता अधिक घातक द्रव्य का घेतले, याचे लेखी कारण देणे व्यवस्थापनावर बंधनकारक असावे. ओतण्याचे काम हाताने करण्याऐवजी बंद नळीने व्हावे. कामगार कोणत्या रसायनांच्या संपर्कात किती काळ होता, याची नोंद त्याच्या स्वतःच्या हाती द्यावी, म्हणजे कंत्राटदार बदलला तरी ती नाहीशी होणार नाही. आणि रिकामे पिंप पुरवठादाराने परत नेलेच पाहिजे.

ही शेवटची मागणी कोणाला किरकोळ वाटेल. त्यांनी आपल्या शहरातील कोणत्याही कामगार वस्तीत एक फेरी मारावी. ज्या शहराने कित्येक दिवसांनी एकदा येणाऱ्या नळाची वाट पाहण्यात वर्षे घालवली, तेथे दारोदार निळे पिंप उभे असलेले दिसते. भंगाराच्या बाजारात नव्यापेक्षा जुने पिंप स्वस्त मिळते, म्हणून गरीब माणूस जुने घेतो, सोडा आणि राखेने घासतो आणि त्यात पिण्याचे पाणी भरतो. घातक रसायनांची रिकामी पिंपे ही २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचऱ्यात मोडतात आणि परवानाधारक केंद्रातच स्वच्छ केली पाहिजेत. पण भंगारवाल्याकडे येणाऱ्या पिंपात पूर्वी काय होते, हे कोण पाहतो? लेबल तर केव्हाच खरवडून काढलेले असते.

प्रत्येक शाखेने येत्या महिन्यात एवढे काम हाती घ्यावे: आपापल्या वस्तीतील आणि कारखान्याच्या फाटकाजवळील अशा पिंपांची पाहणी करावी, ज्यांवर लेबल शाबूत आहे त्यांची नावे उतरवून घ्यावीत, रसायनशास्त्र शिकवणाऱ्या एखाद्या प्राध्यापकाकडून त्यांचे अर्थ समजून घ्यावेत आणि ते वस्तीच्या सभेत मराठीत वाचून दाखवावेत. काम लहान आहे. पण आपल्या घरात आणि आपल्या श्वासात काय येते हे विचारण्याची सवय ज्या वस्तीला लागते, ती उद्या कारखान्याच्या दारातही तोच प्रश्न विचारते. टेक्सासच्या त्या शाळेनंतर वायूला वास देण्यात आला. आपल्या पिंपांवर मराठी अक्षरे उमटण्यासाठी आणखी प्रेते मोजण्याची वाट आपण पाहणार आहोत काय?